अठ्ठावीस किलोमीटर

सकाळी दहाला येरेवानहून निघायचं,
वाटेतल्या कमानीपाशी दहा मिनिटं, आरारात दिसला तर नशीब,
मग गार्नी : देऊळ, दरी, भट्टी, जेवण.
चारला परत.
अकरा वर्षं हेच.
माझं भाषण मला झोपेतही येतं.
बायको म्हणते, येतंच.

भट्टीशी सातेनिक बसलेली असते.
जमिनीत पुरलेला रांजण, तळाशी द्राक्षवेलीच्या काटक्यांचा जाळ.
उशीवर ताणलेली पोळी घेऊन ती कमरेतून आत वाकते,
थापकन भिंतीला चिकटवते
आणि माणसं फोन उंचावतात.
ती वर येईतो पोळीही होते, फोटोही होतो.
"किती देश फिरले असतील माझे हात," एकदा म्हणाली,
"आणि मी येरेवानला शेवटची गेले
ती नवऱ्याचा एक्स-रे आणायला."

त्या मंगळवारी एका पाहुणीचा पाय दरीत मुरगळला.
ती गावातच राहिली, सीट रिकामी.
सातेनिकनं एप्रन खुंटीला टांगला
आणि पिठाच्या हातांनीच
पुढे माझ्याशेजारी येऊन बसली.
"चल. आज जिवाचं येरेवान करते.
ते तुझं भाषण ऐकव. उलट्या दिशेनं."

मी म्हटलं, हे शहर गुलाबी दगडाचं.
म्हणाली, आमचा गोठाही त्याच दगडाचा,
त्याला कुणी गुलाबी म्हणत नाही.
मी म्हटलं, पाचशे बहात्तर पायऱ्या.
म्हणाली, झाडतं कोण?
मी गप्प. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
चौकातल्या नळाला तोंड लावून प्यायली,
हनुवटी पुसत म्हणाली, हे आमच्याच डोंगरातलं.
चव लपते होय?
(भाषणात घालायला हवं. अजून घातलेलं नाही.)

कारंज्यांत दिवे लागले तेव्हा
इस्फहानच्या एका नव्या जोडप्यानं
तिच्याच हातात फोन दिला. खुणेनं : आमचा एक काढा ना.
तिनं तो धरला, भट्टीतून काढल्यासारखा,
चिमटीत, अंगापासून लांब.
एकदा काढला. पुन्हा एकदा.
मुलीनं बघितलं, हसली, छातीवर हात ठेवून वाकली.
फोटोच्या कोपऱ्यात भाजल्याच्या डागासकट
सातेनिकचा अंगठा.
"राहू दे," मला म्हणाली,
"सवय आहे त्याला परदेशी जायची."

रात्री तिला सोडायला निघालो.
कमानीपाशी म्हणाली, थांबव.
आरारात कुठला दिसतोय अंधारात.
खाली मैदानातले दिवे, मग एक काळा पट्टा,
आणि पट्ट्यापलीकडे पुन्हा दिवे.
"ते कुणाचे?"
"तिकडच्यांचे."
पुष्कळ वेळ बघत राहिली. थंडी होती. मी इंजिन चालू ठेवलं.

मग गाडीत, मधेच :
"देवळात आत काय आहे रे?"
"तू गावची, मला काय विचारतेस?"
"तू बघितलंयस का, ते विचारतेय."
मी? मी पार्किंगमध्ये असतो.
टायर बघतो, सिगारेट ओढतो, माणसं मोजून घेतो.
गाव येईपर्यंत दोघंही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीवरून उठली,
किल्लीसाठी हात पुढे केला. "जा. गाडी मी बघते."
मी तिकीट मागितलं तर खिडकीतला म्खितार
खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

चोवीस खांब, हजारदा सांगितलंय मी.
मोजले तर एकदा तेवीस भरले, एकदा पंचवीस.
आत गारवा. एक पाल.
एक म्हातारा दुदुक वाजवत होता, पुढ्यात टोपी,
मला बघून थांबला : "तुझी माणसं कुठायत?"
म्हटलं, आज मीच.
त्यानं जरा विचार केला, पुन्हा वाजवायला लागला,
टोपी मात्र माझ्याकडे सरकवली नाही.

परत आलो तर स्टिअरिंगवर पिठाची दहा बोटं.
पुसली नाहीत.
खरं म्हणजे फडकं सापडलं नाही.