एकोणीस ओळी मागे घेताना

औलू, डिसेंबर. दुपारचे तीन
आणि खिडकीबाहेर काळोख कामावर रुजू झालेला.
चाचणीच्या खोलीतलं यंत्र पुन्हा गोठलं,
या आठवड्यातलं चौथं.

बदल माझाच होता, सप्टेंबरातला. एकोणीस ओळी.
त्याआधी कर्नल टायमर रद्द करताना थांबायचा:
कॉलबॅक धावत असेल तर त्याचं आटपेपर्यंत
दारात उभा, हातात किल्ल्या घेऊन.
मला ते उभं राहणं फुकटचं वाटलं.
मी लिहिलं, थांबू नकोस.
‘रद्द झालं’ म्हण आणि नीघ.
दर खेपेला चार मायक्रोसेकंद वाचले
म्हणून आम्ही केकसुद्धा खाल्ला.

ते निघालंच.
मेमरी झाडून परत केली, कुलूप घातलं,
आणि आत, दुसऱ्या प्रोसेसरवर,
कॉलबॅक अजून खाली मान घालून लिहीत होता
एव्हाना दुसऱ्याच कुणाच्या झालेल्या पाटीवर.

रेइयोने ट्रेसवर बोट ठेवलं.
“हा गेला. आणि हा बघ, अजून आहे.”
एवढं बोलून तो कॉफी आणायला गेला.

गेल्या शुक्रवारी बाबांना कळवलं होतं,
येत नाही, काम निघालं.
फोनवर पोचल्याची खूण उमटली. मी मोकळी.
त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता
आणि ते वाटेत,
पायाने रेटायच्या घसरगाडीवर,
उणे बावीसमध्ये चार किलोमीटर,
येताना माझी बॅग ठेवायला पुढची फळी पुसून घेतलेली.
बसमधून पोस्टातली आउने तेवढी उतरली.
ते पुढच्या बससाठीही थांबले.
हे मला आउनेने सांगितलं. ते बोलले नाहीत.

बदल मागे घेणं म्हणजे पुसणं नव्हे.
सप्टेंबर तसाच राहतो, माझ्या नावासकट,
आजची नोंद त्याच्यावर बसते.
कारण लिहायला मला तासभर लागला.
आधी सबबी आल्या, त्या खोडल्या. मग आकडे.
शेवटी उरलं ते:
‘चालू असलेलं काम रद्द झालं असं
मी त्याला न विचारता जाहीर केलं.’
रेइयो म्हणाला, नेहमीसारखं नाही, पण राहू दे.

थांबणारा कोड परत आला,
तोच ओबडधोबड, किल्ल्या वाजवत.
रात्रभर यंत्रं चालली. एकही गोठलं नाही.

सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी,
मी बाबांना फोन लावला.
सात वेळा वाजला. आठ.
त्यांना खुर्चीतून उठायला वेळ लागतो.