शून्य गृहीतक

शिवडीच्या खाडीतून भरून आणलेल्या बारा बाटल्या
अजून बंद आहेत.
आधी वहीत लिहायचं, पेनाने, पेन्सिलीने नाही:
विरघळलेला प्राणवायू, सरासरी चार.
काही बदललेलं नाही.
त्याखाली पर्यायी: चारहून कमी.
शंभरात पाच वेळा चुकायची मुभा.

होडीवाले जनू पागधरे दारातच उभे,
पोटऱ्यांवर वाळलेला चिखल.
"बदललं नाय असं लिवता?
माझ्या जाळ्याला इचारा."

जाळं एकच आहे, काका.
एकाची सरासरी निघते, विचलन निघत नाही.
हे मी बोलत नाही.

तारीख. सही.
पहिलं बूच फिरवते,
आणि पागधऱ्यांसाठी
आकडा कमी यावा की जास्त,
एवढं एक
वहीत कुठेच लिहिता येत नाही.