बत्तीस अंशांपाशी

सब्जा भिजवून पाहिलाय कधी?
तेवढंच आहे हे, मी सांगितलं मुबारक अल-मोहन्नदीला
मोडक्या अरबीत, हातवाऱ्यांसकट.
गारव्यात फुगतं, पाणी पितं,
बत्तीस अंशांच्या वर गेलं की
अंग चोरून घेतं
आणि प्यालेलं सगळं बाहेर टाकतं.
(मीही इथे तसाच. एसीत माणूस, रस्त्यावर कोय.)

तो हसला नाही.
त्याच्या मनगटावर बर्क, डोळ्यांवर चामड्याची टोपी,
नऊ वर्षांची ससाण्याची मादी,
तीन आठवडे मांसाला चोच लावलेली नाही.

तिच्या रक्तात एक प्रथिन आहे,
बारीक, लग्नघरात चुकलेल्या पोरासारखं.
आणि अल्ब्युमिन म्हणजे ते जाडे काका,
जिथे जावं तिथे दार अडवून उभे.
जेलची जाळी अशी विणलेली
की काका बाहेरच राहतात.
पोर शिरतं आत.
आत त्याच्यासाठी आम्ही गुळाचा खडा ठेवलेला.

नीरक्षीर, म्हणायचे मिरजेचे आमचे मास्तर,
फळ्यावर राजहंस काढायचे, चोच जरा वाकडी.
अल खोरमध्ये हंस नाही.
ससाणा आहे, आणि तोच आजारी.

काल रात्री दवाखान्याची वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला, गप्प झाला.
पहाटे दार उघडलं तर खोलीत छत्तीस अंश,
नळीच्या तळाशी जेल
पांढरं, चिपडाएवढं,
आणि आठवड्याची मेहनत त्याच्या भोवतीच्या पाण्यात.
गेलं, म्हणाली रोवेना.
उरला होता रक्तद्रवाचा एक थेंब.
तिसऱ्यांदा सुई टोचायची नाही,
डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलेलं.

मुबारक काही न बोलता उठला.
परतला तो धक्क्यावरून,
थर्मोकोलचा खोका घेऊन.
बर्फ. त्याला हामूरचे खवले चिकटलेले.
मी मिरजेचा, हा वास सात वर्षांत
अजून अंगवळणी पडलेला नाही.
नळी खुपसली त्यातच, मनगटापर्यंत हात.

जेलचं एक बरं असतं, ते रुसून बसत नाही.
पांढरेपणा निवळला,
काचेसारखं झालं, फुगलं,
शेवटचा थेंब प्यायलं.
दोनदा धुतलं. काका वाहून गेले.
मग ऊब हवी होती, यंत्र बंद,
म्हणून नळी खिडकीत ठेवली.
ज्या उन्हाने काल घात केला
त्यानेच आज मूठ आवळून दिली,
पाणी पिळून निघालं, पोर आतच.
आम्लाचा एक थेंब, आणि मूठ सुटली.

संध्याकाळी वीज आली.
पट्टीवर एक रेघ उमटली,
पेन्सिलीने काढून खोडल्यासारखी.
हीच का, मुबारकने विचारलं.
हीच.
काय म्हणते?
ते मला वाचता येत नाही, मी म्हटलं,
उद्या डॉक्टरीणबाई सांगतील.

खोक्यातून पाणी ठिबकत होतं फरशीवर.
बर्कने त्या आवाजाकडे मान फिरवली,
टोपीसकट.