पान एकशे अकरा

आमच्याकडे पानं दोन तऱ्हेची.
एक फळीवरचं, ओलसर, शीर काढलेलं.
एक एनेइदाच्या हातातलं, कोरडं, कडेने कसर लागलेलं.
आम्ही पहिलं वळतो, ती दुसरं उलटते.
काबाईगुआनच्या या सिगार कारखान्यात
माझ्या आईच्या आईपासून हे असंच.

सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी.
वाचणाराचा पगार तेव्हा आम्हीच द्यायचो,
शनिवारी वर्गणी काढून,
आणि पुस्तक कोणतं ते हात वर करून ठरायचं.
आवडलं तर टाळ्या नाहीत, बोटं चिकट असतात.
बिनमुठीचं पातं उचलायचं, फळीवर आपटायचं,
टक् टक् टक्.
तोच आमचा हुंकार.
हुंकाराशिवाय गोष्ट जागची हलत नाही.

मग दुपार रेडिओने घेतली.
तीन वाजता मालिका, रडक्या व्हायोलिनसकट,
आणि एनेइदा भोंग्याखाली बसून
क्रोशाची सुई चालवायची.
पुढे रेडिओचीही दुपार गेली.
यादिएलच्या वयाची पोरं कानांत बुचं घालून बसतात.
ज्याची गोष्ट त्याच्याच कानात.
मधूनच कुणी एकटा हसतो
आणि आम्ही बाकीचे दचकतो.

त्या मंगळवारी वीज गेली ती गेलीच.
भोंगा मुका, पंखे लोंबकळलेले,
मोबाईलनी एकेक करून डोळे मिटले.
एनेइदाने खुर्ची खिडकीशी ओढली,
घसा खाकरला,
आणि जुनंच पुस्तक काढलं :
खलाशाची बायको, दीपगृह, न आलेलं पत्र.

एकशे दहापर्यंत सगळं ठीक.
त्यापुढे एकदम एकशे तेरा.
मधलं पान कुणी फाडून नेलेलं.
तंबाखूच्या गावात कागदाची विडी केली असेल, काय सांगावं!

ती थांबली.
तेव्हा रेइनेरियो, वय एकोणऐंशी,
हे पुस्तक चौथ्यांदा ऐकणारा :
‘पत्र येतं. भिजलेलं असतं.
ती ते चुलीवर वाळवते आणि शाई उडून जाते.’
‘काहीतरीच!’ सोइला कडाडली. ‘पत्र सासू जाळते.’
‘सासू एकोणचाळिसाव्या पानावर मेली.’
‘तुझ्या वेळी मेली असेल.’

मी सहसा बोलत नाही. म्हणाले,
ती पत्र उघडतच नाही.
पिठाच्या डब्यात ठेवते आणि रोज त्यावर पीठ घालते.
आईने मला असंच सांगितलं होतं,
शिरा काढता काढता.
तिने ऐकलं होतं की रचलं होतं, देव जाणे.

पाती आपटली. तिन्ही बाजूंनी.
कितीतरी वर्षांनी फळ्या अशा बोलल्या.

यादिएल मोबाईल वर धरून उभा,
चार टक्के बॅटरी उरलेली.
त्याचा भाऊ समुद्रापलीकडे, हायलियात,
गोदामात खोकी चिकटवतो.
आधी माझ्याच शेजारच्या फळीवर बसायचा.
भांडण जसंच्या तसं त्याला पाठवलं.

उत्तर शुक्रवारी आलं, विजेबरोबर.
शब्द नाहीत, नुसता आवाज :
पुठ्ठ्यावर काहीतरी आपटतंय,
टक् टक् टक्,
मागे गाड्यांची घरघर,
आणि शेवटी, ‘मग?’

यादिएलने मोबाईल एनेइदाच्या कानाशी धरला.
तिने दोनदा ऐकलं. चष्मा पुसला.
‘सांग त्याला,’ म्हणाली,
‘सासूचं अजून मिटलेलं नाही.’