डावी बाजू

दिवसा मी दात बनवते.
लक्ष्मीपुरीत, जिन्याखालच्या खोलीत.
डॉक्टरांकडून माप येतं प्लास्टरमध्ये,
माणूस येत नाही, त्याचा जबडा येतो,
त्यावर पेन्सिलीनं नाव, वय, कधी हवंय ते.
माणसं मला अशीच माहीत:
कोण झोपेत दात खातं,
कोण आयुष्यभर एकाच बाजूनं चावत आलंय.

रात्री तेच मेण, तीच कानस, तेच ड्रिल,
आणि एक गलबत.
एकास बहात्तर.

समुद्र इथून सव्वाशे किलोमीटर, आंबा घाट उतरून.
मी गलबत पाहिलं ते चादरीवर,
शाळेच्या मैदानात ताणलेल्या, दुसरीत असताना,
आणि आता मोबाईलवर, बोटानं थांबवून थांबवून.
अख्ख्या सिनेमात ते अकरा सेकंद दिसतं.
तेवढ्यात मी मोजलीत
नऊ वल्ही, दोन डोलकाठ्या,
नाळेवर एक लाकडी पक्षी, चोच तुटलेला.
(चोच आधी पूर्ण केली, मग मोडली.
नाहीतर मोड खोटी दिसते.)
सिनेमा काळा-पांढरा. रंग सगळे अंदाजानं.

पण हे झालं उजव्या अंगाचं.
ते गलबत कधी वळलंच नाही.
नवरा म्हणाला, भिंतीला लावून ठेव की,
तिकडनं कोण बघतंय?

मी बघते.

म्हणून डावी बाजू मनानं केली.
तोफांची झडपं, दोरांचा गुंता, चुलीच्या धुराचा डाग,
आणि एका झडपेत, कुणाला न सांगता,
वाळत घातलेलं लुगडं.

परातीत सोडून पाहिलं.
गलबत लहान होतं, पाणी होत नाही.
एक थेंब फळीवर बसला
तो कलिंगडाएवढा.

मार्चमध्ये माप आलं: शिकलगार दस्तगीर, ८८,
वरची-खालची, पूर्ण.
कवळी टोचते म्हणून स्वतःच आले,
नातवाच्या खांद्यावर हात ठेवून.
जबड्यांच्या रांगेत गलबत उभं होतं.
बघत राहिले. उचलून फिरवलं.
मग हसले, नुसत्या हिरड्यांनी:
“ही बाजू कुठनं आणलीस गं?
ही न्हवतीच.”

रंकाळ्यात सहा दिवस, म्हणाले.
संध्यामठ दिसू नये म्हणून कॅमेरा एकाच काठाला.
अर्धंच गलबत. इकडं फळ्या, रंग, पाखरू.
तिकडं बांबू, गोणपाट, सुतळी,
आणि मांडीएवढ्या पाण्यात आम्ही चार पोरं.
हलवा म्हटलं की हलवायचं.
“लाटा म्हंजे आमीच की.
चोच माझ्या कोपरानं मोडली. दीड रुपया कापला.
थंडीनं दात वाजायचे.
तवा हुते.”

त्या रात्री डावी बाजू करवतीनं काढली.
लुगडं काडेपेटीत ठेवलं, टाकवेना.
बांबूला खराट्याच्या काड्या,
गोणपाटाला चहात बुडवलेली बँडेजची जाळी.
पोरं कवळीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकची,
दोन सेंटिमीटर, भुवया एका केसाच्या ब्रशनं.
पाण्याखालचे पायही केले,
बोटांसकट.

मंगळवारी कवळी न्यायला आले.
बसली. दोनदा वाजवून पाहिली.
मग भिंग धरलं पोरांवर.
स्वतःला शोधलं, मला न विचारता: तिसरा.
बाकीच्या तिघांची नावं घेतली,
दोन मला कळली.

भिंग खाली ठेवलं,
आणि नव्या दातांत जरा अडखळत:
“चड्डी खाकी न्हवती.
निळी हुती.”