अकरा टेक

टायरच्या दुकानावरची खोली. भिंतींना गाद्या,
खिडकीला दोन घोंगड्या, तरी मिंदेलूचा वारा
आत येतोच. चौथ्या टेकमध्ये तो आहे,
आणि फेरीबोटीचा भोंगा.

निल्डाबाई अकरा वेळा गायल्या.
सहा वेळा मार्चमध्ये. मग पुढचा दात काढला.
पाच वेळा एप्रिलमध्ये.

एप्रिलचा गळा खरा, वाळूला टेकलेल्या होडीसारखा.
पण गाण्यात नाव आहे सिल्वेस्त्रे,
आणि प्रत्येक ‘स’ शिट्टी वाजवतो.
म्हणून हाक मार्चची घेतली,
पुढचं सगळं एप्रिलचं.
सांध्यावर एक आवाज उतरतो, एक चढतो;
केसाएवढ्या जागेत
दोन निल्डाबाई एकमेकींना वाट देतात.
श्वास, खाकरणं, खुर्चीची कुरकुर:
सगळं कापलं. तीन रात्री गेल्या.

त्यांनी हेडफोन चढवला, डोळे मिटून ऐकलं.
“छान गाते की ही.
श्वास कधी घेते पण?”
थोड्या वेळाने म्हणाल्या,
“हिचा नवरा कुठे गेलेला दिसत नाही.”

आणि उठून जिन्यापर्यंत गेल्यासुद्धा.

कापलेल्यांत शोधत बसलो. श्वास सापडला तो
चौथ्या टेकमधला, लांब, मधेच अडकलेला,
आणि त्याला भोंगा चिकटलेला.
वेगळा करून पाहिला, निघेना.
तसाच बसवला, नावाच्या आधी.

मग तुकडे निवडले, एकत्र केले, एकच पट्टी झाली.
खाली कोणीतरी टायर घरंगळवत नेत होतं.
आता दर वेळी तिथे
आधी बोट सुटते,
मग त्या हाक मारतात.