सव्यापसव्य

डेलमार फोख्टच्या गाडीचं मागचं उजवं चाक
डाव्यापेक्षा तीन इंच मोठं असायचं, परिघात.
मीच टेप लावून मोजायचे, शनिवारी दुपारी,
शेबॉयगनच्या त्या गॅरेजमध्ये, जिथे मंदाकिनी म्हणणं
कुणाला जमलं नाही, म्हणून मी चार वर्षं मॅंडी होते.

बाहेरचं चाक मोठं, आतलं लहान,
की गाडी आपणहून डावीकडे वळते.
“आणि सरळ जायचं असेल तर?”
“तर स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवायचं.
आमच्यात सरळ जाणं हेच खरं कष्टाचं काम.”

पाव मैलाची लंबगोल माती.
चाळीस उन्हाळे तो तिथे फिरला.
मला घाण्याचा बैल आठवला, पण बोलले नाही,
कारण बैलाच्या डोळ्यांवर झापडं असतात
आणि इथे सगळ्यांना सगळं दिसतं:
कोण पुढे, कोणाचं टायर गेलं,
कोणाची बायको कोणाकडे बघायचं टाळतेय.
आडोशाला एक झाड नाही.
चार थेंब पडले की दिवे बंद, मंडळी घरी.

आईला फोनवर व्हिडिओ दाखवला.
“अगं, हे उलटे फिरतायत!
देव डाव्या हाताला ठेवून फिरतं का कुणी?
आणि एवढं सव्यापसव्य करून पोचायचं कुठे,
निघाले तिथेच?”
मध्ये देव नाही आई, अॅम्ब्युलन्स आहे.

मग त्याची नात, ब्रिन, एल्कहार्ट लेकला गेली.
चार मैल, रानातून, चढउतार,
उजवी वळणं, डावी वळणं, वाटेल तशी.
“तो रस्ता आहे,” डेलमार म्हणाला.
“रस्त्यावरून मी किराणा आणतो.”

मी महाडची. वरंध्याच्या घाटात गाडी शिकले,
जिथे चढणाऱ्याला आधी वाट द्यायची
आणि वळणाआधी हॉर्न,
कारण पलीकडे कोण आहे
हे पलीकडच्यालाच माहीत.
मी काही बोलले नाही याही वेळी.

सप्टेंबरात एका रविवारी त्याला घेऊन गेले.
घडीची खुर्ची, सॉसेजचा धूर, एक वळण.
“बाकीचं कुठाय?”
झाडांत.
गाड्या आल्या. दोन सेकंद रंग, मग नुसता आवाज,
टेकडीमागे, मग अजून मागे, मग तोही नाही.
सहाव्या फेरीत पाऊस लागला.
तो उठायला लागला, सवयीने.
कुणीच घरी जात नव्हतं.
गाड्या आत येऊन खाचांची टायरं चढवत होत्या.

दहाव्या फेरीला पिवळी आली, लाल आली,
दोन पांढऱ्या एकमेकींना चिकटून.
निळी आली नाही.

मातीवर त्याने सगळं पाहिलं होतं.
मेव्हणा भिंतीवर गेला तेव्हा
किती कोलांट्या हेही मोजलं होतं.
इथे मोजायला काही नव्हतं.
ओले मेपल. कुणाच्या तरी रेडिओची खरखर.
तो काही विचारेना, मीही सांगेना.
फक्त त्याचे हात मांडीवर होते,
दहा वाजता आणि दोन वाजता,
कशालाच न धरता,
आणि किंचित उजवीकडे वळलेले.

निळी आली. सगळ्यात शेवटी,
नाकात गवताचा पेंढा घेऊन,
उतारावर घसरत, सावरत, आली आणि गेली.
“उजवीकडे वळली,” तो म्हणाला,
पोरीला पहिला दात आल्यासारखा.

परतताना पिकअप डावीकडे ओढत होती.
अलाइनमेंट फुकट करून देते, असं मी
तीनदा म्हटलं होतं त्याला आजवर.
“मंगळवारी आण,” चौथ्यांदा म्हणाले.
वायपर दोन वेळा इकडून तिकडे गेले.
“बघू,” तो म्हणाला.